आमी हसतो ते कुठंय?

ट्रायपॉडचे पाय पार दुमडून टाकले तरी तो चुलीपुढं बसलेल्या बाईपेक्षा उंचच राहतो. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती, दिसली सहाव्या दिवशी.

सातारा जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांचा, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांचा, एक तळ होता, तिथं मी आणि माझा साउंडवाला मित्र असे दोघंच शूटिंगला गेलो होतो. मी मूळची अंबाजोगाईची. आजीचं गाव धारूर तालुक्यात, आणि दिवाळी झाली की त्या गावातली निम्मी घरं कुलूपबंद होतात हे लहानपणापासून बघत आलेय. माणसं कुठं जातात तर "कारखान्याला", एवढंच माहीत. पुढं कॅमेरा हातात आल्यावर वाटलं की जिथं जातात तिथं जाऊन बघावं, आणि बायकांचंच बघावं, कारण पुरुषांचं थोडंफार तरी ऐकायला मिळतं, बायका परत येतात आणि सरळ घर सारवायला लागतात.

तर पहाटे चारला उठून आम्ही आक्कांच्या कोपीपाशी जायचो. (आक्का म्हणजे माझ्या फिल्ममधल्या मुख्य बाई. नाव लिहीत नाही, तसं त्यांच्याशी ठरलंय.) तीन दगडांची चूल, बाजूला काटवट, त्या भाकरी थापतायत, पोरगं मागं गोधडीत झोपलेलं, नवरा कोयत्याला धार लावतोय. मी उभी राहून शूट करायचे. सहाव्या दिवशी रात्री लॅपटॉपवर चुलीपुढचं सगळं फुटेज ओळीनं बघायला बसले आणि पोटात गोळाच आला. सहा दिवसात मी फक्त भांग आणि पदर शूट केले होते. आक्का, त्यांची जाऊ, शेजारच्या कोपीतली म्हातारी, सगळ्या वरून. चेहरा म्हणून नाहीच, थापणारे हात आणि डोक्यावरचा पदर, जसं कुणीतरी दारात उभं राहून कामवालीवर लक्ष ठेवावं तसं.

खेड्यातल्या बाईचा दिवस जमिनीवर जातो हो. निवडणं, थापणं, सारवणं, खुरपणं, पायावर घेऊन पोराला अंघोळ घालणं, उसाचं पाचट काढून मोळी बांधणं, सगळं बसून नाहीतर वाकून. आणि आमची सगळी अवजारं उभ्या माणसाच्या मापाची.

दुसऱ्या दिवशी मी ट्रायपॉड गाडीतच ठेवला. एक घमेलं पालथं घातलं, त्यावर गोणपाटाची घडी, त्यावर कॅमेरा, आणि मी बाजूला मांडी घालून बसले. चुलीचा उजेड आक्कांच्या हनुवटीखालून वर येत होता, डाव्या गालावर पिठाचा एक पट्टा, आणि धूर आला की त्या डोळे मिटत नव्हत्या, नुसती मान थोडी बाजूला घेत होत्या. हे सहा दिवस मला दिसलंच नव्हतं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बसलात का एकदाच्या." आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच बदललं.

नंतर कळलं की हा शोध माझ्या फार आधी दुसऱ्याच बायकांनी लावून ठेवलेला आहे. उदगीरहून बिदरमार्गे पुढं गेलं की तेलंगणात जहीराबाद लागतं, तिथं पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचं काम आहे. पी. व्ही. सतीश हे मूळचे दूरदर्शनचे माणूस त्या कामाच्या सुरुवातीपासून होते, २०२३ मध्ये ते गेले. तिथल्या दलित, अल्पभूधारक, बऱ्याचशा निरक्षर बायका व्हिडिओ कॅमेरा शिकल्या आणि स्वतः फिल्म करायला लागल्या, बियाण्यांवर, ज्वारी-बाजरीवर, वरंगळच्या शेतकऱ्यांचं बीटी कापसानं काय झालं त्याच्यावर. त्याच भागातल्या बायकांचं संघम रेडिओ २००८ मध्ये सुरू झालं. तर या बायकांनी शॉट्सना आपली नावं दिली. कॅमेरा वरून खाली बघतो तो 'पटेल शॉट', कारण गावचा जमीनदार असाच वरून बघतो. खालून वर बघतो तो गुलामाचा शॉट. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा, तो 'संघम शॉट', कारण संघात सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात.

मी फिल्मचं रीतसर शिक्षण घेतलंय. हाय अँगल, लो अँगल, आय लेव्हल मला झोपेतही सांगता येतात. पण आपण सहा दिवस पटेल शॉट घेत होतो हे कळायला ते शब्द पस्तापूरच्या बायकांकडूनच यावे लागले.

ज्यांना ऊसतोडीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुकादम (टोळीचा ठेकेदार) उचल देतो, म्हणजे सहा महिन्यांच्या मजुरीची आगाऊ रक्कम, आणि ती देतो 'कोयत्याला'. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. म्हणजे हिशेबाच्या वहीत बाई अशी सुटी नसतेच, ती अर्धा कोयता असते, आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. खाडा झाला की दंड. पहाटे स्वयंपाक, मग फडात तोडलेला ऊस साफ करणं, मोळ्या बांधणं, ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, संध्याकाळी परत येऊन पाणी, चूल, धुणं. अंघोळ अंधारातच उरकायची, कारण आडोसा नसतो. हे सगळं मी शूट केलंय, नीट केलंय, आणि ते फिल्ममध्ये आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

पहिल्या आठवड्यात मी इंटरव्ह्यू घ्यायचे. बाईला कोपीपुढं बसवायचं, मागं बैलगाडी दिसेल अशी फ्रेम लावायची, पदराला माईक लावायचा आणि विचारायचं, "कसं वाटतं इथं?" उत्तर एकच, "बरं चाललंय." आक्कांच्या जाऊबाई तर इंटरव्ह्यू म्हटलं की शाळेतल्या पोरीसारखे हात मांडीवर ठेवून बसायच्या. आणि मागं कुठंतरी मुकादमाचा माणूस तंबाखू मळत उभा असायचा, त्याच्याकडं मी नाही पण त्या बघायच्या. मग एक दिवस माईक काढायचा राहून गेला आणि त्या मोळ्या बांधायला बसल्या. हेडफोनमध्ये जे ऐकू आलं ते ऐकून साउंडवाल्या मित्रानं मला हातानंच खूण केली. पाचटाची सळसळ, बांगड्या, मधेच कोयत्याचा खट्ट आवाज, आणि त्याच्यातून त्या शेजारणीला सांगतायत की धाकटीला गावी आजीपाशी ठेवलंय, ती फोनवर आता आई म्हणत नाही, काकू म्हणते. आवाजात रडणं बिडणं काही नाही. सांगून झाल्यावर पुढची मोळी ओढली.

हात कामात असले की बाईचं तोंड मोकळं होतं. हे खरंतर मला माहीत असायला पाहिजे होतं, माझी आजी जात्यावर बसल्याशिवाय कधी मनातलं बोलली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त, आता त्या 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. त्या ओव्यांमध्ये सासर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत, आणि जे बाई कुणाच्या तोंडावर बोलली नसती ते सगळं आहे. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. फलाण्या गावच्या फलाण्या बाईंनी गायलेली ओवी. कोयत्याच्या वहीत जिला नाव नाही तिला तिथं आहे. (मला माझ्या फिल्ममध्ये नाव लपवावं लागतंय याचं वाईट वाटतं ते यामुळंच. पण ते त्यांनी मागितलं म्हणून.)

मग साडीचं झालं. ऊस तोडताना बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, पाती कापू नये म्हणून. पडद्यावर ते फार छान दिसतं, म्हणजे आमच्यासारख्यांना छान दिसतं, फाटका चौकटीचा शर्ट, डोक्याला फडकं, हातात कोयता. एक दिवस मी आदल्या रात्री सांगून ठेवलं की उद्या आपण तुमचं एकटीचं शूटिंग करू, तर आक्का सकाळी मोरपंखी रंगाची साडी नेसून, केसाला तेल लावून, मंगळसूत्र वर काढून उभ्या. मी म्हटलं, "आक्का, रोजच्यासारखं ऱ्हावा ना." त्या म्हणाल्या, "रोजच्यासारखं तर आमी रोजच ऱ्हातो."

मी त्या दिवशी त्यांना साडी बदलायला लावली. लिहिताना अजून बरं वाटत नाहीये. मला वाटलं होतं की मी खरं तेच दाखवतेय. पण आपला फोटो निघणार म्हणून ट्रंकेतली चांगली साडी काढणारी बाई खोटी कशी काय झाली? आपल्या घरात कुणी कॅमेरा घेऊन आलं तर आपण काय मॅक्सीवर बसतो का?

आणि आता ते पिशवीचं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा लहान नाही, आणि तो बाहेर आला हे फार फार गरजेचं होतं, त्यात माझ्या मनात काडीची शंका नाही. तिशी-पस्तिशीतल्या बायका, पाळीत खाडा परवडत नाही, अंगावरून जातंय म्हणून डॉक्टरकडं गेलं की काढून टाका, कॅन्सर होईल अशी भीती, आणि त्यासाठी परत मुकादमाकडूनच उचल. हे सगळं खरं आहे. पण त्यानंतर बीडच्या कुठल्याही गावात माईक घेऊन आलेला माणूस एकच प्रश्न घेऊन यायला लागला. मीसुद्धा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी एका मावशींना तो विचारला, तर त्या मोळी बांधता बांधता थांबल्या आणि म्हणाल्या, "पिशवीबिगर बी काई इचारा की माय. बाई म्हंजी निस्ती पिशवीच असती का?"

मी गप्प बसले. मग थोड्या वेळानं विचारलं की तुम्हाला काय आवडतं. हा प्रश्न विचारायला मला लाज वाटत होती, इतक्या कष्टात असलेल्या माणसाला हे काय विचारायचं म्हणून. मावशी म्हणाल्या, भारूड. त्यांच्या माहेरी भारुडाची पार्टी होती आणि त्यांना सगळी सोंगं पाठ होती. पुढची वीस मिनिटं फडात नुसतं भारूड चाललं होतं.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, माणसं गावी परतली, मीही. सत्तेचाळीस तासांचं फुटेज होतं, त्यातून मी बावन्न मिनिटांची फिल्म कापली. आणि मे महिन्यात प्रोजेक्टर घेऊन आक्कांच्या गावात गेले, मारुतीच्या देवळापुढं, शाळेच्या भिंतीवर चादर ताणून. सगळं गाव जमलं. पुरुष पुढं, पोरं त्यांच्याही पुढं, बायका पार मागं अंधारात, तोंडाला पदर लावून. संपल्यावर सरपंच चार शब्द बोलले, बायकांना विचारलं तर "छान हाय" म्हणाल्या. मला समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू.

रात्री आक्कांकडं जेवायला होते तेव्हा त्यांच्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, उद्या दुपारी परत लावता का, फकस्त आमाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या एका खोलीत खिडक्यांना गोणपाट लावून, दार आतून बंद करून, वीस-बावीस बायका आणि मी. आणि तेव्हा मला कळलं की आदल्या रात्री त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. आता त्या बोलत बोलत बघत होत्या, थांबवा म्हणत होत्या, मागं घ्या म्हणत होत्या. एकीच्या सासऱ्यांचा खोकला एका शॉटमध्ये मागून ऐकू येतो, आम्ही तो साफ करायचा म्हणून ठेवला होता. ते मधल्या काळात वारले. सूनबाईंनी तो तुकडा तीनदा लावायला लावला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ह्यो." एकीनं उचलीचा आकडा काढायला सांगितला, भावकीत कळेल म्हणून. तिची सही माझ्याकडं होती, संमतीच्या कागदावर, पण सही केली तेव्हा तिला कुठं माहीत होतं की हे वाक्य भिंतीएवढं होऊन सगळ्या गावासमोर येणार आहे. मी काढला. ज्याला आम्ही कन्सेंट म्हणतो ना, ती शूटिंगच्या वेळी नसते, ती बाई स्वतःला पडद्यावर बघते तेव्हा सुरू होते, त्याच्या आधीचा कागद आमच्या सोयीसाठी असतो.

आणि मग आक्का. संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. "समदं खरं हाय," म्हणाल्या, "पर ह्यात आमी येक तर काम करतोय न्हाईतर रडतोय. आमी हसतो ते कुठंय?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. मला उत्तर माहीत होतं. ते माझ्या हार्ड डिस्कवर 'वापरायचं नाही' या नावाच्या फोल्डरमध्ये होतं.

एका दुपारी ट्रक आला नव्हता. चार बायका पाचटाच्या ढिगाच्या सावलीत एकमेकींच्या उवा काढत बसल्या होत्या, आणि आक्कांनी कोयता कानाला फोनसारखा लावून मुकादमाची नक्कल केली, "हां साहेब, पाठवतो साहेब, दोन कोयते कमी हायती साहेब", आवाज तोच, मान वाकडी करायची लकब तीच, आणि मग त्या स्वतःच इतक्या हसल्या की कोयता हातातून खाली पडला. चौदा मिनिटं चाललं होतं ते. मी ते बाजूला टाकलं, कारण हसताना त्या मधेमधे कॅमेऱ्याकडं बघत होत्या. लेन्समध्ये बघितलं की शॉट गेला, असं आम्हाला शिकवलेलं असतं.

त्या फक्त मी पण हसतेय का ते बघत होत्या.

हे लिहिताना मला खबर लहरिया आठवतं. चित्रकूटमध्ये २००२ ला सुरू झालेलं बायकांचं वर्तमानपत्र, आता मोबाइलवर व्हिडिओ बातम्या करतात. त्यांच्यावरची 'रायटिंग विथ फायर' ही फिल्म २०२१ मध्ये सनडान्स फिल्म महोत्सवात गाजली, पुढं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. आणि सोहळ्याच्या काही दिवस आधी, मार्च २०२२ मध्ये, खबर लहरियानं निवेदन काढलं की फिल्म ताकदीची आहे, पण आमचं जे चित्र त्यात उभं राहतं ते पुरतं खरं नाही, आम्ही जणू एकाच पक्षावर बातम्या करतो असं त्यातून वाटतं. तेव्हा माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणाले की एवढी मोठी संधी आणि आता हे काय. मी फिल्म बघितलीये, मला ती आवडली, अजूनही आवडते, आणि तरी मला वाटतं की त्या बायकांनी बोलायलाच हवं होतं. त्या रोज दुसऱ्यांच्या बातम्या तपासून देणाऱ्या पत्रकार आहेत. त्यांना लिहिता येतं, निवेदन काढता येतं. आक्कांना ते कुठं काढता येणार होतं? त्यांच्यासाठी ती दार बंद केलेली खोली होती, एवढंच. तीही जाऊबाईंनी मागितली म्हणून मिळाली, मला सुचलं नव्हतं.

मी परत एडिटला बसले. चौदातली चार मिनिटं घेतली, लेन्सकडं बघणं तसंच ठेवलं. मावशींचं भारूड घेतलं. मोरपंखी साडीतले आक्कांचे काही शॉट साडी बदलायच्या आधी सहज घेतलेले होते, ते घेतले, फिल्म आता तिथून सुरू होते. एका ठिकाणी फिल्म दाखवायचं जवळजवळ ठरलं होतं, तिथल्या लोकांनी नवा कट बघून सांगितलं की दुःखाचा धागा तुटतो, हसण्याचा भाग कमी करा. मी नाही केला. त्यांनी फिल्म घेतली नाही. त्याचं मला वाईट वाटलं, पैशाचंही वाटलं, पण मागं फिरावंसं एकदाही वाटलं नाही.

पुढच्या हंगामात आक्कांची टोळी कोल्हापूरकडं होती. नोव्हेंबरच्या शेवटी तिथल्या तळावर दोन ट्रॉल्यांच्या मधे चादर बांधून आम्ही फिल्म लावली, प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर. तीन-चार जिल्ह्यांतल्या टोळ्या होत्या, बऱ्याच बायका अनोळखी. आक्का माझ्या शेजारी, प्रोजेक्टरला खेटून, खाली बसल्या होत्या. ट्रक न आलेली ती दुपार पडद्यावर आली, पाचटाचा ढीग दिसला, तशा त्या गुडघ्यावर उठल्या आणि पुढच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबा गं, गप ऱ्हावा, आता मी हसते."

पडद्यावरच्या आक्कांनी कोयता कानाला लावायच्या आधीच तळावर हशा सुटला होता.